मैदानाची धूळ आणि महापालिकेचा हिशेब

शहराच्या कारभाराचीं सरकारी पत्रकें वाचण्याचा ज्यांस नाद आहे त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. अमुक बागेचें सुशोभीकरण झालें, तमुक उद्यानांत मुलांसाठीं नवे झोपाळे बसविले, राणीच्या बागेंत पुष्पप्रदर्शन भरणार, अमक्या मैदानावर महोत्सव होणार, अशा वार्ता हल्लीं प्रत्येक महापालिका मोठ्या हौसेनें प्रसिद्ध करीत असते. या वार्तांचें आम्ही स्वागतच करितों. जी नगरसंस्था आपल्या नागरिकांस कांहींच सांगत नाहीं तिच्यापेक्षां, थोडें कां होईना, सांगणारी नगरसंस्था केव्हांही बरी. परंतु सांगणें हें अर्धें कर्तव्य झालें. काय केलें हें सांगितलें, पण त्यास किती पैसे लागले, तें काम कोणी केलें, तें किती दिवस टिकावयाचें होतें व प्रत्यक्षांत किती दिवस टिकलें, हें सांगितलें नाहीं, तर ती वार्ता नव्हे. ती जाहिरात होय. दुकानदारास जाहिरात शोभते, कारण माल पसंत नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जाऊं शकतें. नागरिकास शेजारची महापालिका नाहीं. त्यानें कर आधींच भरलेला असतो, व पदरीं पडेल तोच माल त्यास घ्यावा लागतो. म्हणून त्यास हिशेब मागण्याचा अधिकार आहे; आणि आजच्या लेखांत आम्ही तोच मागणार आहों.

बागा व मैदानें ही श्रीमंतांची चैन आहे, असा एक समज अद्यापि आमच्या शहरांतून आढळतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. ज्याच्या घरास अंगण आहे, ज्याचा गांवाबाहेर बंगला आहे, ज्याच्या मुलांस क्लबाचें दार उघडें आहे, त्यास म्युनिसिपालिटीची बाग नसली तरी चालतें. जो चाळींतील एका खोलींत सहा माणसांसह राहतो, ज्याच्या मुलांस गॅलरीखेरीज दुसरें क्रीडांगण नाहीं, ज्याच्या वृद्ध आईस दिवसभर भिंतीकडे पाहत बसावें लागतें, त्यास सार्वजनिक बाग म्हणजे घराचीच एक खोली आहे. मुंबईंत लोकांस प्रत्यक्ष वापरतां येईल अशी मोकळी जागा माणशीं सुमारें १.२४ चौरस मीटर आहे, असा हिशेब शहराच्या विकास आराखड्याच्या चर्चेंत वारंवार मांडला गेला आहे. म्हणजे एका माणसास पाय पसरून निजतां येईल इतकीही ती पुरी नव्हे. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचना माणशीं दहा ते बारा चौरस मीटर जागा असावी असें सांगतात. जेथें मूळ पुंजीच इतकी तुटपुंजी, तेथें तिची एक फूटही जागा निष्काळजीपणानें वाया घालविणें हा गुन्हा मानला पाहिजे.

मोघम बोलण्यापेक्षां एकच मैदान डोळ्यांपुढें ठेवून बोलणें बरें. तें मैदान म्हणजे दादरचें शिवाजी पार्क. हें मैदान मुंबई म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. प्रारंभीं त्यास माहीम पार्क म्हणत असत. १९२७ सालीं शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या सुमारास त्यास महाराजांचें नांव देण्यांत आलें, व त्या कामीं म्युनिसिपालिटीच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांनीं पुढाकार घेतला होता. याच बाईंनीं १९१८ सालीं गांधीजींचें मराठी चरित्र प्रसिद्ध केलें होतें. एका स्त्री-सभासदाच्या आग्रहानें शहरांतील एका मोठ्या मैदानास मराठी मनास प्रिय असें नांव मिळावें, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. ज्या काळीं बायकांनीं सभागृहांत बसावें कीं नाहीं याचा वाद चालू होता, त्या काळीं एका बाईनें हें करून दाखविलें.

सुमारें अठ्ठावीस एकरांच्या या जागेवर शंभर वर्षांत काय काय झालें तें सांगूं लागल्यास मुंबईचा अर्धा इतिहासच सांगावा लागेल. येथील खेळपट्ट्यांवर घडलेले फलंदाज जगांतील मैदानें गाजवून आले. येथील व्यायाममंदिरांत मल्लखांबाची विद्या जिवंत राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत येथें प्रचंड सभा झाल्या. १९५६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांचा अंत्यविधि जवळच्याच चौपाटीवर झाला, व तेव्हांपासून दर वर्षीं ६ डिसेंबरास चैत्यभूमीच्या दर्शनास येणाऱ्या लक्षावधि लोकांस हेंच मैदान आसरा देत आलें आहे. १९६६ सालीं शिवसेनेचा पहिला मेळावा येथेंच भरला. सकाळीं खेळाडू, दुपारीं वाटसरू, संध्याकाळीं कट्ट्यावर बसणारे म्हातारे व तरुण, आणि मोठ्या दिवशीं सारा महाराष्ट्र, असा हा क्रम आहे. असें मैदान एका वस्तीचें नव्हे. तें लोकांचें सभागृह, तालीम व धर्मशाळा, तिन्ही एकदम आहे. म्हणूनच त्याचा सांभाळ कसा होतो यावरून नगरसंस्थेची परीक्षा होते.

आणि या परीक्षेंत हल्लींची नगरसंस्था उत्तीर्ण झाली असें आमच्यानें म्हणवत नाहीं. गेलीं कित्येक वर्षें मैदानाभोंवतालचे रहिवासी एकच गाऱ्हाणें गात आहेत, तें धुळीचें. मैदान सारखें करण्यासाठीं त्यावर तांबडी माती टाकण्यांत आली. पावसाळा सरला, वरचें गवत मेलें, कीं हीच माती हिंवाळ्याच्या वाऱ्याबरोबर उडूं लागते, व घरांत, अन्नांत आणि माणसांच्या फुप्फुसांत जाऊन बसते. महापालिकेनें गवत लावून पाहिलें, पावसाचें पाणी जिरविण्याची व तें साठवून फवारण्याची योजना केली, तज्ज्ञांचे सल्ले घेतले; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासही या कामीं लक्ष घालावें लागलें. प्रत्येक उपायाच्या वेळीं पत्रक निघालें; परंतु तो उपाय कां फसला याचें पत्रक लोकांच्या हातीं पडलें नाहीं. दरसाल हिंवाळा आला कीं तें गाऱ्हाणें व तीं आश्वासनें यांची पुनः भेट होते.

वास्तविक या दुखण्याचें निदान कांहीं गूढ नाहीं. कोणताही शेतकरी तें सांगूं शकेल. जमिनीवर गवत असलें म्हणजे त्याचीं मुळें मातीचे कण धरून ठेवतात. गवत गेलें कीं माती सुटी होते. गवतास रुजावयास पाणी पाहिजे तसाच विसांवाही पाहिजे. पावसाळ्यांत तें उगवतें, पण त्याचीं मुळें पुरतीं खोल जाण्याच्या आधींच दसऱ्यापासून सभा-समारंभांचा हंगाम सुरू होतो. मंडपाच्या खांबांसाठीं खड्डे खणले जातात, अवजड वाहनें फिरतात, लाखों पावलें एकाच जागीं पडतात. माती वरून घट्ट होते, पाणी आंत न मुरतां वाहून जातें, व जी थोडी सुटी राहते ती धूळ होते. अशा जमिनीवर कितीही महाग बीं पेरलें तरी व्यर्थ. अर्थात् गवताचा प्रश्न हा केवळ माळ्याचा प्रश्न नसून तो मुख्यतः वेळापत्रकाचा प्रश्न आहे. वर्षांतून किती दिवस मैदान वापरावयाचें, कोणत्या भागास केव्हां विसांवा द्यावयाचा, आणि ज्यानें जमीन उकरली त्यानें ती किती दिवसांत पूर्ववत् करावयाची, हें ठरल्याखेरीज धूळ बसणार नाहीं.

आतां या वेळापत्रकास कायद्याचा आधारही आहे. २०१० सालीं मुंबईच्या हायकोर्टानें, रहिवाशांच्या अर्जावरून, शिवाजी पार्क हें शांतताक्षेत्र ठरविलें. पुढें २०१६ सालीं राज्य सरकारनें खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठीं वर्षांतून ४५ दिवस मैदान देतां यावें अशी तजवीज केली. ४५ दिवस म्हणजे वर्षाचा आठवा हिस्सा. कागदावर हा हिस्सा वाजवी दिसतो. परंतु एका संध्याकाळच्या सभेसाठीं मंडप उभारावयास कांहीं दिवस लागतात, व तो उतरवून नेण्यास आणखी कांहीं. त्या दिवसांत मुलांस खेळावयास मिळतें काय, व ते दिवस ४५ मध्यें धरले जातात कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. व्यापारी वाचकांस हें चटकन् समजेल. भाड्यानें दिलेली वखार माल चढविण्या-उतरविण्याच्या दिवशींही मालकाच्या उपयोगी नसते. म्हणून शहाणा मालक त्या दिवसांचेंही भाडें लावतो. मैदानाचे मालक जे नागरिक, त्यांच्या वतीनें महापालिकेनेंही तसाच हिशेब ठेवला पाहिजे.

येथें आमच्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. सभा-संमेलनें बंद पाडून मैदान केवळ भोंवतालच्या सुखवस्तु रहिवाशांच्या फेरफटक्यास राखून ठेवावें असें तुमचें म्हणणें आहे काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर स्पष्ट आहे. तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्या देशांत लोकांनीं एकत्र जमून राज्यकर्त्यांस जाब विचारावयाचा, त्या देशांत जमावयास जागाच नसेल तर लोकसत्ता हा शब्द कोशांत राहील. विशेषतः ६ डिसेंबराविषयीं तर आम्हांस असें सांगावयाचें आहे कीं, त्या दिवशीं खेड्यापाड्यांतून पदरमोड करून येणारा मनुष्य मैदानाच्या धुळींत रात्र काढतो. वर्षभर आपल्या दिवाणखान्यांतील धुळीविषयीं तक्रार करणाऱ्यानें, त्या पाहुण्याच्या अंथरुणाखालींही तीच धूळ असते, हें विसरूं नये. मैदान सुधारलें तर त्याचा लाभ कट्ट्यावर बसणाऱ्यास आणि मैदानावर निजणाऱ्यास सारखाच होणार आहे. हा वाद रहिवासी विरुद्ध पाहुणे असा नाहींच; वापर करणारे सर्व एका बाजूस, आणि वापरून झाल्यावर पाठ फिरविणारी बेफिकिरी दुसऱ्या बाजूस, असा तो आहे.

या बेफिकिरीचा नमुना पाहावयाचा असेल तर २०२२ च्या दसऱ्याचें उदाहरण घ्यावें. एका पक्षाचे दोन तुकडे झाले, व दोघांनींही त्याच मैदानावर त्याच दिवशीं मेळावा भरविण्याची परवानगी मागितली. महापालिकेनें सुव्यवस्थेचें कारण सांगून दोघांसही नकार दिला. प्रकरण हायकोर्टांत गेलें, व सप्टेंबर २०२२ मध्यें कोर्टानें ठाकरे गटास परवानगी दिली. कित्येक आठवडे सारा महाराष्ट्र मैदान कोणाचें यावर वाद घालीत होता. त्या वादांत न्याय कोणाच्या बाजूस होता हा आजचा आमचा विषय नाहीं. आम्हांस इतकेंच नमूद करावयाचें आहे कीं, मैदान कोणाचें असें विचारणारे पुष्कळ निघाले, परंतु मेळाव्यानंतर मैदानाचें काय, असें विचारणारे विरळा. ज्या वस्तूवर सर्वांचा हक्क सांगितला जातो व जिची निगा कोणाच्याच माथीं नसते, त्या वस्तूची गत काय होते हें गांवोगांवच्या पडक्या सार्वजनिक विहिरींकडे पाहिलें असतां कळून येईल.

सार्वजनिक समारंभावर सार्वजनिक पैसा कसा खर्चावा, हा प्रश्नही आमच्याकडे नवा नाहीं. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ म्युनिसिपालिटीनें हजार रुपये खर्चावे अशी सूचना आली. त्या खर्चाविरुद्ध मत देणारे जोतीराव एकटेच होते. तो पैसा शहरांतील गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दिवशीं ते हरले. परंतु आज त्या सभेंतील इतर सभासदांचीं नांवें कोणास आठवत नाहींत, आणि त्यांचें मत मात्र आठवतें. आम्ही समारंभाचे शत्रु नव्हों. फुलांचें प्रदर्शन, मुलांचे खेळ, गाण्याच्या बैठका, पुस्तकांचे बाजार, हे सर्व शहराच्या जीवनास शोभा देणारे आहेत. परंतु एका संध्याकाळच्या रोषणाईस किती गेले व वर्षभराच्या माळीकामास किती गेले, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापल्याशिवाय त्या शोभेचें खरें मोल कोणास कळणार?

बृहन्मुंबई महानगरपालिकेचें २०२५-२६ चें अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटि रुपयांचें होतें. इतका पैसा ज्या संस्थेच्या हातून जातो, तिनें एका मैदानाचें गवत राखण्यास द्रव्य नाहीं असें म्हणणें हास्यास्पद होईल. उणीव द्रव्याची नसून निगेची आहे. आमच्या सार्वजनिक कारभारांत नवें बांधण्यास मान आहे, राखण्यास नाहीं. नव्या झोपाळ्याची फीत कापावयास पुढारी येतो, छायाचित्र निघतें, पत्रक छापलें जातें. सहा महिन्यांनीं त्या झोपाळ्याची कडी निसटते, तेव्हां ती बसविणाऱ्या कामगाराचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. म्हणून ती कडी बसतही नाहीं. पुढें एखाद्या मुलाचा हात मोडल्यावर तो झोपाळाच काढून टाकतात, व दोन वर्षांनीं पुनः नव्या झोपाळ्याचें पत्रक निघतें. या चक्रांत ठेकेदाराचें कल्याण होतें. मुलांचें होत नाहीं.

सरकारी निगा वाईट तर बागा व मैदानें खासगी संस्थांकडे सोंपवावीं, असा उपाय कित्येकजण सुचवितात. हा प्रयोगही मुंबईनें करून पाहिला आहे. कांहीं ठिकाणीं त्या त्या वस्तींतील नागरिकांच्या मंडळ्यांनीं बागा उत्तम राखल्या, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. परंतु दुसऱ्या कित्येक ठिकाणीं सांभाळावयास दिलेल्या जागेवर क्लब उठले, दारावर रखवालदार आले, आणि ज्यांची जागा त्यांनाच फी भरून आंत जाण्याची पाळी आली. लोकांचा क्षोभ इतका झाला कीं २०१६ सालीं मुख्यमंत्र्यांस त्या धोरणास स्थगिति देऊन, दिलेले भूखंड परत घेण्यास महापालिकेस सांगावें लागलें. २०२३ सालीं तशाच धोरणाचा नवा मसुदा पुढें आला, तेव्हांही नागरिकांनीं कडाडून विरोध केला व तें बाजूस ठेवावें लागलें. सुप्रीम कोर्टानें १९९१ सालींच बंगळूरच्या एका प्रकरणांत, उद्यानासाठीं राखलेली जागा खासगी रुग्णालयास देणें बेकायदा ठरवून, मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्याची ठेव आहे हें तत्त्व प्रस्थापित केलें आहे. ठेव दुसऱ्याकडे सोंपविल्यानें विश्वस्ताची जबाबदारी संपत नाहीं. कोणाचें साहाय्य अवश्य घ्यावें; परंतु किल्ली, दर व वेळ हीं तीन महापालिकेच्याच हातीं राहिलीं पाहिजेत.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, जी १९९३ पासून अंमलांत आली, नगरसंस्थांकडे सोंपवावयाच्या कामांची एक यादी दिली आहे. तींत उद्यानें, बागा व क्रीडांगणें हें एक काम असून सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक गोष्टींस उत्तेजन देणें हें त्याच्या लगेच पुढचें काम आहे. म्हणजे मैदान राखणें व मैदानावर उत्सव करूं देणें हीं दोन्ही कामें घटनेनें एकाच्या शेजारीं एक ठेविलीं आहेत. एकानें दुसऱ्याचा गळा दाबावा असा घटनाकारांचा हेतु खास नव्हता. परंतु या दोहोंचा मेळ घालणार कोण? मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली, व त्यानंतर जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षें सारा कारभार एकट्या प्रशासकाच्या हातीं राहिला. एवढ्या काळांत मैदानाविषयीं प्रश्न विचारावयास सभागृहांत कोणी नव्हतें. आतां २२७ प्रभागांतून सभासद निवडले गेले आहेत. त्यांनीं प्रथम हेंच मनांत आणावें कीं आपणांस लोकांनीं फिती कापण्यासाठीं नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठीं पाठविलें आहे.

केवळ टीका करून थांबणें हें सुधारकास शोभत नाहीं. म्हणून आमच्या सूचना आम्ही थोडक्यांत मांडतों. पहिली सूचना अशी कीं, प्रत्येक मोठ्या बागेच्या व मैदानाच्या दारावर स्वच्छ मराठींत एक फलक असावा, व तो दर तीन महिन्यांनीं बदलावा. स्थानिक संस्थांनीं मराठींत कारभार करावा असा कायदा २०२२ सालींच झाला आहे; पण ती मराठी वाचणाऱ्यास कळणारी हवी, दप्तरी नको. त्या फलकावर वर्षांतील किती दिवस कार्यक्रमांस दिले, मंडपाच्या उभारणीस किती गेले, कोणाकडून किती अनामत घेतली व किती परत केली, निगेवर किती खर्च झाला, ठेकेदार कोण व त्याची मुदत कधीं संपते, आणि तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे करावी, इतकें लिहिलेलें असावें. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें अशी माहिती कोणी न मागतां प्रसिद्ध करणें हें संस्थेचें कर्तव्यच ठरविलें आहे. नागरिकानें अर्ज करावा, तिकीट लावावें, महिनाभर वाट पाहावी, आणि मग त्यास कळावें कीं गवतावर किती खर्च झाला, हा शिरस्ता लज्जास्पद आहे.

दुसरी सूचना अशी कीं, अनामत रक्कम ही खरीखुरी असावी. पक्ष कोणताही असो, सरकारी खातें असो कीं धार्मिक मंडळ असो, मैदान पूर्ववत् करून दिल्याचें प्रमाणपत्र खेळाडूंच्या व रहिवाशांच्या प्रतिनिधींसमोर तपासून मगच ती परत व्हावी. सत्ताधारी पक्षाचा खड्डा व विरोधी पक्षाचा खड्डा यांत मुलाच्या पायास कांहीं फरक वाटत नाहीं. तिसरी अशी कीं, मैदानाचे भाग पाडून पाळीपाळीनें एकेका भागास विसांवा द्यावा, व पावसाळ्यानंतरचे कांहीं आठवडे गवतासाठीं राखून ठेवावे. मात्र ६ डिसेंबरासारख्या ज्या दिवशीं दूरदूरच्या लोकांस आसऱ्याची गरज असते, त्यांची व्यवस्था आधीं ठरवून मग बाकीचें वेळापत्रक आंखावें. चौथी अशी कीं, बाग सुधारली असें म्हणण्यापूर्वीं तेथें बायकांस जातां येतें कीं नाहीं हें पाहावें. शौचकूप नसेल, दिवे नसतील, दुपारीं दारास कुलूप असेल, तर अर्ध्या नागरिकांपुरती ती बाग नाहींच. ज्या मैदानाचें नांव ठेवण्यांत एका बाईनें पुढाकार घेतला, त्या शहरांत हें सांगावें लागूं नये.

यावर कोणी व्यापारी म्हणेल कीं, हा विषय रहिवाशांचा. आमच्या दुकानास याचें काय? आम्ही म्हणतों, पुष्कळ काय. मैदानाभोंवतालची दुकानें, उपाहारगृहें, पुस्तकवाले, फुलवाले हे सर्व तेथें येणाऱ्या माणसांवर जगतात. धुळीनें माल खराब होतो तो दुकानदाराचाच. सभेच्या दिवशीं रस्ते केव्हां बंद होणार हें आठ दिवस आधीं कळलें तर मालाच्या गाड्या अडकत नाहींत. आणि हिशेब म्हणजे काय हें व्यापाऱ्याइतकें दुसऱ्या कोणास समजतें? दिवाळीस वहीपूजन करणाऱ्या वर्गानें नगरसंस्थेची वही उघडी असावी असा आग्रह धरला, तर त्याचें वजन दहा अग्रलेखांपेक्षां अधिक पडेल.

आतां थोडें आपल्याकडेही पाहूं. कागदाचे द्रोण, प्लास्टिकच्या बाटल्या व पानाच्या पिचकाऱ्या या महापालिकेनें टाकलेल्या नसतात. नवें रोप लावलें तर त्याचें कुंपण मोडून आंतून जवळची वाट काढणारा मनुष्य ठेकेदार नसतो, तो आपल्यापैकींच एक असतो. आपल्या वाड्याचें अंगण रोज सारवणारे आपण, दाराबाहेरचें अंगण सरकारचें मानतों. जोंपर्यंत सार्वजनिक म्हणजे कोणाचेंच नव्हे हा अर्थ जाऊन सार्वजनिक म्हणजे माझेंही आहे हा अर्थ मनांत रुजत नाहीं, तोंपर्यंत कोणताही ठराव पुरा पडणार नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लोकांस आपलेपणा वाटावयाचा तर आधीं त्यांस विश्वासांत घेतलें पाहिजे. ज्यास हिशेब दाखविला जातो तोच भागीदार होतो. ज्यास केवळ जाहिरात दाखविली जाते तो प्रेक्षकच राहतो.

या प्रश्नाची निकड आणखी एका कारणानें वाढली आहे. महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या २११ एकर मैदानापैकीं सुमारें १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठीं घेण्याचें २०२४ सालीं ठरलें, व समुद्रकांठच्या नव्या रस्त्यालगतची जागा त्यास जोडून सुमारें ३०० एकरांचें उद्यान करण्याची योजना सांगितली जाते. योजना मोठी आहे, व तिच्याविषयींचीं पत्रकेंही मोठींच निघतील. आम्ही तिला विरोध करीत नाहीं. उलट ती खरोखर लोकांसाठीं पुरी व्हावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु ज्या संस्थेस शंभर वर्षांपासून ताब्यांत असलेल्या अठ्ठावीस एकरांची धूळ बसवितां आली नाहीं, तिनें तीनशें एकरांचें स्वप्न दाखवावें, तेव्हां नागरिकानें आधीं अठ्ठावीस एकरांचा हिशेब मागणें यांत कांहीं अनुचित नाहीं. नवी पेढी उघडणाऱ्या सावकारास जुन्या पेढीची वही दाखवावीच लागते.

शिवाजी पार्कवर उद्यां सकाळीं पुनः मुलें जमतील. कोणी स्टंप ठोकील, कोणी मल्लखांबावर चढेल, कोणी कट्ट्यावर बसून नुसतें पाहील. त्यांपैकीं कोणासही घटनेची दुरुस्ती ठाऊक नसेल, अंदाजपत्रकाचे आंकडे ठाऊक नसतील. त्यांस ठाऊक आहे ती पायांखालची जमीन, व नाकातोंडांत जाणारी धूळ. नव्या सभासदांनीं एका सकाळीं, छायाचित्रकारास न घेतां, तेथें जाऊन उभें राहावें, व पहिल्या सभेंत कोणता प्रश्न विचारावयाचा तें तेथेंच ठरवावें, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.